ओढ्यातले मासे आणि पंपावरचा आकडा

ओढ्यातले मासे पाळायचे म्हटलं की दुकानदार आधी पंप दाखवतो आणि सोबत नियम सांगतो: टाकीतल्या पाण्याच्या दहापट पाणी तासाला फिरलं की झाला ओढा. हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण गुणाकार-भागाकार करून तो कुणी तपासत नाही.

दोन फुटी टाकी घ्या. ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ भरली तर ५४ लिटर. दहापट म्हणजे ताशी ५४० लिटर, सेकंदाला १५० घनसेंमी. टाकीचा आडवा छेद ९०० चौरस सेंमी. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी एका दिशेने सरकलं, तर त्याचा वेग सेकंदाला पावणेदोन मिलिमीटरही भरत नाही. तेच पाणी पंपाच्या १ सेंमी व्यासाच्या तोटीतून सुटताना सेकंदाला १९० सेंमीच्या आसपास धावतं. तोटीसमोर पूर आणि पलीकडे डबकं! झोत बाजूचं पाणी सोबत ओढतो, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती थोडी बरी असते. पण खोक्यावरच्या आकड्यावरून माशाला कुठे किती ओढ लागणार हे कळत नाही, आणि तो आकडाही बहुधा पंप मोकळा, स्पंजाविना चालवून काढलेला असतो.

पाणी कुठून सुटतं, किती रुंद सुटतं आणि कोणत्या वाटेने परत येतं, हे खरं पाहायचं. अरुंद तोटीपेक्षा पंख्याचा वेव्हमेकर बरा, कारण तो भरपूर पाणी रुंद पट्ट्यात ढकलतो. तो फक्त खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. याहून नेटकी जुळणी म्हणजे पंप एका टोकाला, शोषणारे स्पंज दुसऱ्या टोकाला आणि दोघांना जोडणारे पीव्हीसी पाइप वाळूखाली. वरचं पाणी एकाच दिशेने वाहतं आणि पाइपातून मागे येतं. लांब, बुटकी टाकी यासाठी उत्तम. वेग मोजायला यंत्र लागत नाही. खाद्याचा एक कण सोडा आणि तो ३० सेंमी जायला किती सेकंद घेतो ते बघा. तळाशी आणि वर, दोन्हीकडे बघा; वर खळाळ असला तरी तळ निपचित असू शकतो.

दुसरा गैरसमज अधिक त्रासदायक आहे: वेग जितका जास्त, तितका मासा खूश. व्हिएतनामच्या ओढ्यांतला सेवेलिया लोच चपटा असतो आणि पसरलेल्या परांनी दगडाला चिकटतो. दगडालगतचा पाण्याचा पातळ थर घर्षणामुळे मंद असतो, तिथे तो राहतो. आपल्या सह्याद्रीतल्या मळ्या माशाला तोंडाखाली चकती असते, तिने तो दगड धरतो. मधल्या पाण्यात पोहणारे मासेही सारखे झुंजत नसतात. दगडाच्या आडोशाला थांबतात, खाद्य दिसलं की झेपावतात आणि परत येतात. गोट्यांविना जोराचा प्रवाह म्हणजे त्यांना विसावाच नाही. शिवाय आषाढात फेसाळणारे सह्याद्रीतले कित्येक ओढे वैशाखात डोहांची साखळी होऊन जातात. त्यामुळे पंप रात्री मंद केला म्हणून काही बिघडत नाही.

झेब्रा दानियोला ओढ्यातला मासा म्हणून जोरदार प्रवाहात सोडतात. तो संथ, उथळ पाण्यात, भातखाचरांतही सापडतो.

‘बुडबुडे आहेत, म्हणजे ऑक्सिजन आहे’ हेही अर्धसत्य. हवेतला ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागातून मिसळतो आणि बुडबुड्यांचा मोठा उपयोग तो पृष्ठभाग ढवळण्यापुरता. वर तापमानाची मर्यादा आहेच. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. पाण्यात बुडवलेला पंप उष्णता सोडतो, म्हणजे मे महिन्यात आणखी मोठा पंप बसवणं हे उलटंच काम. त्यापेक्षा पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. नागपूरच्या कोरड्या हवेत जास्त, कोकणच्या दमट हवेत कमी. आटलेल्या पाण्याची भर क्लोरीन घालवून करायची.

एवढं करूनही लोच मरतात तेव्हा दोष प्रवाहाला दिला जातो. माझ्या मते बऱ्याचदा ते उपाशी असतात. दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव हे त्यांचं मुख्य खाणं, आणि आपण टाकी लखलखीत घासून ठेवतो! लोच आणण्याआधी काही आठवडे गोट्यांवर उजेड पडू द्या, त्यांना बुळबुळीत होऊ द्या. आणि बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात ठेवा. वीज गेली की भरपूर ऑक्सिजनची सवय असलेले हेच मासे आधी अडचणीत येतात.