पैसे गेले, वस्तू आली नाही. गप्प बसू नका!

जयंती जवळ आली की निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, बुद्धमूर्ती ऑनलाइन मागवल्या जातात. चाकण, भोसरीच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारे आपले तरुण इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या छोट्या विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवतात. कधी वस्तू येतच नाही, नंबर ब्लॉक होतो. पाचशे रुपयांसाठी खाडा कोण करणार, म्हणून आपण गप्प बसतो. फसवणाऱ्याचा धंदा त्यावरच चालतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. विक्रेता सुरतचा असो वा दिल्लीचा, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेताच बनावट निघाला, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढे वळवण्याआधी खाते गोठवले गेले, तर ते परत मिळण्याची शक्यता असते. जाहिरात, चॅट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

प्रोफाइलवर ‘जय भीम’ दिसले म्हणून डोळे झाकून पैसे पाठवू नका. न दिलेले घेऊ नये, हे शील विक्रेत्यालाही लागू आहे. समाजातल्या प्रामाणिक छोट्या उद्योजकांनीही पावती, पत्ता आणि पैसे परत करण्याची अट स्पष्ट लिहावी. एकाने फसवले की संशय सगळ्यांवर येतो.