बैलाचीं शिंगें आणि गडाचे दोर

संकटास धिटाईनें भिडणें यास इंग्रजींत ‘टेक द बुल बाय द हॉर्न्स’ म्हणतात. आमच्या एका विद्यार्थ्यानें ‘बैलास शिंगांनीं धरणें’ असें भाषांतर केलें आणि सारा वर्ग हंसला. संग्रामपुराकडील शेतकऱ्याचें पोर बैल वेसणीनें आवरतें. शिंगें धरणारा त्यास धीट नव्हे, वेडा वाटतो. दोष मुलाचा नव्हता. आम्हीं शब्द शिकविले होते, प्रसंग शिकविला नव्हता. गंमत अशी कीं, मराठींतही शिंगें आहेतच, पण तीं आपल्याच डोक्यावर! प्रतिपक्षास आपण ‘शिंगावर घेतों’.

दुसरा प्रयोग आपलीं जहाजें जाळण्याचा. १५१९ सालीं मेक्सिकोंत उतरलेल्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीशीं लोक त्याचा संबंध जोडतात. वास्तविक त्यानें जहाजें जाळलीं नाहींत, निकामी केलीं. आम्हां वऱ्हाडकरांस समुद्र परका. पण गडाची गोष्ट ठाऊक आहे. १६७० च्या फेब्रुवारींत कोंडाण्यावर तानाजी मालुसरे पडले, मावळे मागें फिरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें दोर कापले, असें परंपरा सांगते. तेच हे ‘परतीचे दोर’. बैल समोर उभा असतो. दोर मात्र पाठीमागें लोंबत असतो, आणि तो कापणें अधिक कठीण.

पालकांनींही मुलांस शब्दार्थ विचारण्याआधीं प्रसंग विचारावा.

‘ग्रास्प द नेटल’ असाही एक प्रयोग आहे. नेटल ही झोंबणारी वनस्पति हलकेंच शिवण्यापेक्षां घट्ट धरल्यास कमी झोंबते, असें इंग्रज मानतात. आपल्या खाजकुयलीवर हा प्रयोग कोणीं करूं नये!