सरखेल आणि वजारतमाब : आंगऱ्यांच्या घरातील दुही
(लेखमाला : दरबार आणि भाऊबंदकी)

गेल्या आठवड्याच्या लेखांकात पीटर बादशहाच्या पश्चात पीटर्सबर्गच्या दरबारात माजलेल्या कारस्थानांचा परामर्श घेतला. ज्या पुरुषाने रशियाचे आरमार शून्यातून उभे केले तो १७२५ साली वारस न नेमता निवर्तला. गादीभोवती पाश आवळणाऱ्या मेन्शिकोव्हला दोल्गोरुकी घराण्याने सैबेरियातील बेर्योझोव्ह गावी धाडले. आणि १७३० साली अ‍ॅना इव्हानोव्हना राज्यारूढ होताच तेच दोल्गोरुकी त्याच बेर्योझोव्हच्या वाटेला लागले. पीटरनंतर अवघ्या चार वर्षांनी, १७२९ साली, आपल्याही किनाऱ्यावर एक आरमारकर्ता पुरुष कालवश झाला, आणि त्याच्याही माघारी घर फुटले. तो पुरुष म्हणजे कान्होजी आंगरे.

हा लेखांक मी आंजर्ले येथे लिहीत आहे, आणि या विषयाला आंजर्ल्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून दक्षिणेकडे दृष्टी टाकली, म्हणजे जोग नदीच्या खाडीपलीकडे हर्णैचा किनारा आणि त्याच्यासमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजीच्या पराक्रमाचा उदय याच दुर्गावर झाला असे परंपरा सांगते. आणि त्याच्या पुत्राच्या दौलतीची मृत्युघंटाही येथेच वाजली. या दोन घटनांमध्ये पाऊणशे वर्षांचेही अंतर नाही. एवढ्या अल्पावकाशात जे आरमार पोर्तुगीज आणि इंग्रज या दोघांनी मिळून केलेल्या १७२१च्या स्वारीलाही बधले नव्हते, ते नष्ट कसे झाले, हा प्रश्न येथल्या प्रत्येक विचारी माणसाच्या मनात उभा राहतो. त्याचे प्रचलित उत्तर इंग्रजांच्या तोफा हे आहे. मला ते उत्तर मान्य नाही.

कान्होजीच्या मागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे सहा पुत्र राहिले. या सहांची माता एक नव्हती, ही गोष्ट पुढील वैराच्या मुळाशी होती. सेखोजी ज्येष्ठ, समंजस आणि धोरणी. सरखेली, म्हणजे आरमाराचे सेनापतिपद, त्याच्याकडे होती तोपर्यंत घर एकत्र राहिले. परंतु त्याला काळ लाभला तो मोठा कठीण. १७३३ साली छत्रपती शाहू महाराजांच्या आज्ञेने जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम निघाली. या मोहिमेमागे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींची प्रेरणा होती, कारण चिपळूणजवळचे त्यांचे परशुराम क्षेत्र सिद्दी साताने १७२७ साली उद्ध्वस्त केले होते. तथापि साताऱ्याच्या दरबारात पेशवे आणि प्रतिनिधी यांचे हाडवैर असे, की समोर शत्रू असतानाही एकाचे यश दुसऱ्याला सलत होते. बाजीराव जंजिऱ्याच्या उद्योगात गुंतला असता प्रतिनिधीने मधल्या मधे रायगड हस्तगत केला; त्या श्रेयावरून रुसवेफुगवे झाले; आणि जंजिरा मात्र पाण्यात जसा होता तसाच राहिला. या धुमश्चक्रीतच सेखोजी मृत्यू पावला. त्याचा मृत्यू ही मराठी आरमाराची खरी हानी होय, असे मी समजतो.

सरखेली संभाजीकडे आली, आणि त्याने कुलाब्याचा कारभार धाकट्या भावांवर सोपवून स्वतः दक्षिणेकडचा मुलूख सांभाळला. भावाभावांत विश्वास असता तर ही व्यवस्था उत्तम होती. पण मानाजीचे आणि संभाजीचे बिनसले. मानाजीने ज्यांच्याशी बापाने जन्मभर झुंज घेतली त्याच रेवदंड्याच्या पोर्तुगीजांचे साहाय्य घेऊन कुलाबा बळकावला, आणि आपला भाऊ येसाजी याचे डोळे काढविले. मानाजीच्या पुढील आयुष्यात प्रशंसनीय गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु हे कृत्य कोणत्याही राजकारणाच्या सबबीखाली क्षम्य ठरत नाही.

यानंतर जे घडले ते या सर्व कथेचे मर्म होय. संभाजी कुलाब्यावर चालून आला. मानाजीने पेशव्यांना हाक घातली. आणि १७३५ साली बाजीरावाने तंटा तोडला. निवाडा असा, की कुलाबा मानाजीकडे राहावा आणि त्याला ‘वजारतमाब’ हा किताब असावा. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजीकडे राहावेत आणि ‘सरखेल’ हे पद त्याने भोगावे. मध्यस्थीबद्दल कोथळा आणि राजमाची हे घाटमाथ्यालगतचे किल्ले पेशव्यांच्या पदरात पडले. वरवर पाहता हा न्याय चोख दिसतो. दोघांनाही वस्त्रे आणि मान मिळाला, रक्तपात थांबला. परंतु शेतजमिनीची वाटणी आणि आरमाराची वाटणी यांत महदंतर आहे. आरमाराचे बळ एका हुकमाखाली हालणाऱ्या गुराबांत आणि गलबतांत असते. जो व्यापारी दस्तक न घेता जाईल त्याला साऱ्या किनाऱ्यावर एकच सत्ता अडवील, या धाकावर दर्यावरील अंमल आणि त्याचे उत्पन्न चालते. तो अंमल १७३५ साली दुभंगला. दुसरे असे, की उत्तरेचा भाऊ यापुढे आपल्या अस्तित्वासाठी कायमचा पेशव्यांवर अवलंबून राहिला, आणि दक्षिणेचा भाऊ पेशव्यांकडे कायमचा संशयाने पाहू लागला. बाजीरावाला हे कळत नव्हते असे मला वाटत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस संभाजीने इंग्रजांचे ‘डर्बी’ हे मोठे व्यापारी जहाज पकडले, यावरून अर्ध्या दौलतीतही केवढी धमक शिल्लक होती ते दिसते. मग पूर्ण दौलतीने काय केले असते! परंतु संभाजीचे लक्ष घरच्या वैरावरून हटेना. १७४० साली तो पुन्हा कुलाब्यावर उतरला. मानाजीच्या मदतीस या वेळी पेशव्यांची फौज आली आणि मुंबईकर इंग्रजांची जहाजेही आली. चिमाजीअप्पा आणि तरुण नानासाहेब कुलाब्याच्या या कामात असतानाच तिकडे नर्मदाकाठी बाजीराव निवर्तला. संभाजी मागे हटला, आणि तुळाजी पेशव्यांच्या हाती सापडला. मुंबईकरांनी या प्रसंगातून एक धडा घेतला, तो असा, की आंगऱ्यांशी लढण्यास आंगरेच उपयोगी पडतात.

१७४२च्या आरंभी संभाजी वारला आणि काही काळाने सरखेली तुळाजीकडे गेली. शौर्याच्या बाबतीत तो बापाचा खरा वारस होता. १७४५ साली अंजनवेल सिद्दीकडून घेऊन त्याने शाहू महाराजांची फार दिवसांची इच्छा पुरी केली. पण शाहू महाराज १७४९ साली गेले. त्यांच्यामागे गादीवर आलेल्या रामराजास ताराबाईने साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेविले. आणि मराठी राज्याचा कारभार छत्रपतींच्या नावाने पुण्याहून चालू लागला. आपण छत्रपतींचे चाकर, पेशव्यांचे नव्हे, असा तुळाजीचा बाणा होता. त्याची बाजू घेणाऱ्यांनी हेही पाहिले पाहिजे, की बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी आणि वाडीचे सावंत या शेजाऱ्यांना त्याने सुखाने राहू दिले नाही, त्यामुळे अडचणीच्या वेळी त्याच्यासाठी रदबदली करणारा एकही दरबारी उरला नव्हता.

नानासाहेब पेशव्यांचा राग अशा रीतीने सकारण होता. त्यांनी पत्करलेला उपाय मात्र घातक होता. मार्च १७५५ मध्ये कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकरांशी करार झाला, आणि कमोडोर विल्यम जेम्स हा ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज आणि आणखी तीन लहान जहाजे घेऊन निघाला. पेशव्यांचे आरमार बरोबर होते, परंतु लढाईचा भार जेम्सने उचलला. त्याने सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा किनारा यांमधल्या पाण्यात जहाजे घालून अगदी जवळून मारा केला. गोळ्याने दुर्गातील दारूकोठार पेटले. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे किनाऱ्यावरचे तिन्ही किल्ले हातचे गेले. तरीही किल्लेदार रात्री निवडक माणसांनिशी पाणी ओलांडून पुन्हा सुवर्णदुर्गात शिरला, आणि अखेर इंग्रज खलाशांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला तेव्हाच दुर्ग पडला. त्या किल्लेदाराचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही; जेम्सच्या विधवेने मात्र १७८४ साली लंडनजवळ शूटर्स हिलवर ‘सेव्हर्नद्रुग’ नावाचा मनोरा पतीच्या स्मरणार्थ उभारला, आणि तो आजही तेथे आहे.

पुढील फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तेथेच अडकला. बंदरात दाटीने उभे असलेले त्याचे आरमार पेटले आणि बहुतेक सगळे जळून गेले. त्यात ‘रेस्टोरेशन’ हे त्याने पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले जहाजही होते. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, पेशव्यांच्या सरदारांना त्यातली कवडी दिली नाही, आणि करारात ठरलेला विजयदुर्गही ऑक्टोबर १७५६चा तह होईपर्यंत सोडला नाही. त्या तहाने सुवर्णदुर्गाच्या उत्तरेस, सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट काही गावांसह कायमचे इंग्रजांचे झाले, आणि त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ पडले. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

मानाजी या सर्व काळात कुलाब्यात सुरक्षित होता. भावाचे आरमार बुडाले तरी त्याची दौलत तरली, आणि १७५८ साली तो मरण पावल्यावर त्याचा पुत्र रघोजी याने ती पुढे नीट चालविली. रघोजीच्या निधनानंतर तीच भाऊबंदकी या शाखेतही शिरली. शिंद्यांच्या नात्याच्या बळावर बाबूराव आंगरे कुलाब्याचा धनी झाला, आणि जयसिंग आंगऱ्याची पत्नी सकवारबाई हिला पतीच्या सुटकेसाठी शस्त्र धरावे लागले. त्या बाईचा लढा, तिचा झालेला विश्वासघात, आणि १८४० साली दत्तक नामंजूर करून कंपनीने खालसा केलेली कुलाब्याची दौलत, हा पुढील लेखांकाचा विषय होय.