आजीच्या डब्यातली जुनी नाणी विकायचीत? आधी वजन करा, मग फोन उचला

घराच्या वाटण्या झाल्या की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. वर जुने सातबारे, पावत्या, आणि तळाशी फडक्यात बांधलेली नाणी. कुणीतरी फोटो काढतं, कुणीतरी 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असा व्हिडिओ दाखवतं. संध्याकाळपर्यंत फोटो चार ग्रुपवर फिरलेला असतो आणि रात्री अनोळखी नंबरवरून फोन येतो. खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण आपल्या हातात काय आहे हे आपल्यालाच माहीत नसतं.

नाणं जुनं आहे म्हणून महाग नसतं. तशी नाणी किती उरली आहेत, तुमच्याकडचं किती चांगल्या अवस्थेत आहे आणि ते हवं असणारे लोक किती आहेत, यावर भाव ठरतो. दोनशे वर्षांचा झिजलेला तांब्याचा पैसा शे-दोनशेतही जात नाही, आणि ऐंशी वर्षांचा एखादा रुपया चांगले पैसे देऊन जातो.

बंदा रुपया: इथे हिशेब सोपा आहे

गावाकडच्या डब्यांत जास्त सापडतो तो चांदीचा बंदा रुपया. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया, राजाछाप म्हणजे एडवर्ड किंवा जॉर्ज. याचं वजन 11.66 ग्रॅम. जुना तोळा म्हणजे हाच रुपयाभार, आणि 80 रुपयांचा शेर. म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते तोंडपाठ सांगतील. यात साधारण 92 टक्के चांदी, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी निघते. आजचा चांदीचा भाव ग्रॅमला समजा 100 रुपये धरला, तर नुसत्या धातूचे 1,069 रुपये झाले. तुम्ही त्या दिवशीचा खरा भाव घालून गुणाकार करा. सराफ मोडीत घेताना घट धरणारच, पण निदान किती धरतोय ते तुम्हाला कळेल. यापेक्षा फार कमी सांगत असेल तर उठून या.

पण 1940 नंतरच्या रुपयाला हा हिशेब लावू नका. 1940 ते 1945 च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. आणि 1947 चा वाघाचं चित्र असलेला रुपया चांदीचा नाहीच, तो निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटेल. मराठवाड्यात चारमिनार छापाचा निजामाचा हाली रुपया बऱ्याच घरांत आहे. त्यात इंग्रजी रुपयापेक्षा चांदी कमी असते, म्हणून तो वेगळा काढून ठेवा.

धातूच्या वरचा भाव मिळतो तो सालावर आणि अवस्थेवर. 1862 वाचून खूश होऊ नका. इंग्रजांनी त्यानंतरची दहा-बारा वर्षं रुपयावर 1862 हेच साल ठेवलं होतं, त्यामुळे ते पोत्याने सापडतात. 1918 चंही तसंच. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली तेव्हा अमेरिकेकडून विकत घेऊन कोट्यवधी रुपये पाडले. याउलट 1911 चा रुपया नीट बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, तक्रारी झाल्या, सरकारला नाणी परत घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं. म्हणून 1911 च्या चांगल्या नाण्याला जास्त भाव येतो. 1939 चा रुपया तर खरंच दुर्मिळ, पण त्याची बनावटही भरपूर आहे. तो सापडला तर जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणालाही देऊ नका, आणि आपण लखपती झालो असंही समजू नका.

शिवराई, आणि जे नाणंच नाही ते

तांब्याची शिवराई सापडली की घरातलं वातावरणच बदलतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी ही सुरू केली हे खरं, पण पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराई पडतच राहिली. त्यामुळे हातातली शिवराई महाराजांच्याच काळातली, असं धरून चालू नका. साध्या शिवराया आजही बऱ्यापैकी मिळतात, त्यामुळे लाखांची आशा नको. पण भंगारवाल्याला तांब्याच्या वजनावर देणं हे दुसरं टोक झालं. वाईट वाटतं, पण असंही होतं. सोन्याचा होन मात्र इतका विरळ आहे की कुणी विकायला आणला तर तो बनावट समजूनच बोला.

राम-सीतेचं किंवा हनुमानाचं चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेलं नाणं करोडोंना जातं, हे ऐकलं असेल. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ही देवदर्शनाची टोकनं किंवा अलीकडे बनवलेला माल आहे. ते तांदूळ ओढतं म्हणून दाखवणारे लोक तर थेट फसवायलाच आलेले असतात. वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याचंही तेच. ते आजही चलनात आहे, दुकानात त्याचे पाच किंवा दहाच रुपये होतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बंद झाली, पण बंद झाली म्हणून ती दुर्मिळ झाली असं नाही.

चिंच लावू नका

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण चिंच, लिंबू, राख, पितांबरी लावून नाणी लख्ख करतो. पूजेच्या नाण्यांचं ठीक आहे. पण विकायचं नाणं घासलं की त्याच्यावरचा जुना रंग जातो, बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक लगेच भाव पाडतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ फडक्याने टिपा, बस. कडी लावलेलं, भोक पाडलेलं नाणं धातूच्याच भावात जातं. माळेतली नाणी सोडवताना चिमट्याने ओढू नका.

जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नाही

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. फोनवाला तुमच्या नाण्याची किंमत वीस लाख सांगतो. मग नोंदणीचे हजारभर रुपये, मग जीएसटी, मग विमा, मग 'रिझर्व्ह बँकेची परवानगी'. वर बँकेचा शिक्का असलेलं पत्रही व्हॉट्सअॅपवर येतं. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. परदेशातला ग्राहक आहे, कुरिअरने पाठवा, असं कुणी म्हटलं तरी थांबा. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

विकायचंच असेल तर प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा, आणि ही यादी घरात भावा-बहिणींसमोर करा. नाणी वडिलोपार्जित आहेत, बहिणींचाही वाटा असतो, नंतरचा वाद नाण्यापेक्षा महाग पडतो. मग किमान तीन ठिकाणी विचारा. एक सराफ मोडीच्या भावासाठी आणि दोन नाण्यांचे व्यापारी. पुणे, मुंबई, नाशिकला नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका छताखाली बरेच व्यापारी भेटतात. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो' म्हणणाऱ्याकडे काही ठेवू नका. सगळा गठ्ठा एकदम देऊ नका, गठ्ठ्यात चांगलं नाणं फुकट जातं. पावती घ्या. घाई नसेल तर नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, ते एकदा बघून या. विकायला नाही, डोळा तयार व्हायला.

हे सगळं वारशाने घरात आलेल्या नाण्यांचं. नांगरताना, विहीर खणताना किंवा जुन्या वाड्याची भिंत पाडताना गाडगं सापडलं तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि ते लपवणं गुन्हा आहे. आधी तलाठ्याला सांगा, लेखी अर्ज तहसीलला द्या आणि त्याची पोच घ्या.