जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये जागा कुठून आणायची?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. विषय साधाच आहे: जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये सामानाला जागा कशी करायची.

मी सिंगल केबिनची जुनी बोलेरो पिकअप चालवतो. नारायणगावकडून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि ओतूर, माळशेज, कल्याण करत रात्रीतून वाशीचं मार्केट गाठायचं. माल मागे हौद्यात. आणि पुढे केबिनमध्ये? जॅक, टॉमी, व्हील पाना, दोर, जेवणाचा डबा, पाण्याचा कॅन, चादर, चार्जर, गाडीचे कागद, व्यापाऱ्याची पट्टी. एवढ्या संसाराला डॅशबोर्डचा एक खण, त्याचंही झाकण दोरीने बांधलेलं!

तुम्ही म्हणाल, ठेवा की पायाशी. भीती तिथेच आहे. पाण्याची बाटली उतारावर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली, की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. माळशेज उतरताना, मागे भरलेला हौदा असताना, वाकून बाटली काढत बसणार का? आणि एक गणित बघा. गाडी ५० च्या वेगाने चाललीय आणि कशाला तरी धडकून जागीच थांबली. मोकळा पडलेला पाना मात्र ५० च्याच वेगाने पुढे निघतो. साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूचा जो वेग, तोच हा. म्हणून मी कप्पा कुठे करायचा हे ठरवताना आधी एवढंच बघतो, की जोरात ब्रेक लागला तर ही वस्तू कुठे जाईल.

सगळ्यात कामाची जागा सीटच्या पाठीमागे. माझ्या गाडीत पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात जेमतेम चार-पाच बोटं फट आहे. तिथे पेटी बसत नाही, पण कॅनव्हासची झोळी मस्त बसते. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून आडवी पट्टी शिवून घ्या, तिला पाच-सहा खिसे, वर झाकण, वेल्क्रो. चादर, टॉवेल, दोर, पावत्या सगळं मावतं. उंची मागच्या काचेच्या खालीच ठेवा, नाहीतर माल हलतोय का हे वळून बघता येत नाही.

सीटखाली जड सामान. जड वस्तू जितकी खाली तितकी बरी. पण आधी सीट उचलून खाली काय आहे ते नीट बघा. टाटा एससारख्या छोट्या गाडीत इंजिनच सीटखाली असतं. तिथे कापड, कागद, प्लास्टिक काहीही कोंबायचं नाही, सरळ आगीला आमंत्रण. माझ्यासारखं इंजिन बॉनेटखाली असेल तर सीटखाली पेटी करता येते. सुताराकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापा, आत घालून बघा, सीट बसवून बघा. जुन्या गाडीचा पत्रा कुठे ना कुठे वाकलेला असतो, टेपची मापं फसवतात. मी १२ मिलिमीटरचा प्लाय वापरला. १९ चा उगाच जड होतो. हायड्रॉलिक बाटली जॅक असेल तर तो उभा राहील असा कप्पा ठेवा, आडवा पडला की तेल गळतं. पान्यांभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. रात्रभरचा खडखडाट थांबतो, हे सुख अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

छताला फळी मारायची फॅशन आहे. माझं मत विरुद्ध आहे. डोक्यावर जड काही नको. हवीच असेल तर ताणलेली जाळी लावा आणि तिच्यात टोपी, मफलर, रिकामी पिशवी एवढंच. फोनचा स्टँडसुद्धा काचेच्या मधोमध नको, रस्ता दिसायला हवा.

आता ड्रिल. पत्र्याला भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते खालून बघा. फरशीखालून ब्रेकचे पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग काहीही जात असू शकतं. भोक पाडलंच तर कडेला रेड ऑक्साइड लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज. साधा नट हादऱ्याने सुटतो, नायलॉक नट घ्या. आणि सीट बेल्टच्या बोल्टला काहीही अडकवू नका. तो बोल्ट तुमच्या जिवासाठी आहे, पिशवीसाठी नाही.

काही जण शेजारची सीट काढून तिथे मोठी पेटी बसवतात. जागा भरपूर होते, पण आरसीवर सीटची संख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत. म्हणून पेटी अशी करा, की चार बोल्ट काढले की बाहेर. कागदांची फाइल मात्र कमी करता येते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत, तसं केंद्र सरकारने २०१८ मध्येच राज्यांना कळवलंय. फोनची बॅटरी तेवढी जिवंत ठेवा!

सगळं बसवून झालं की मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, ३० च्या वेगाला कचकन ब्रेक मारा. जे जागचं हललं, त्याला पट्टा लावा. मग पुन्हा एकदा मारून बघा, आणि त्यानंतरच माल भरा.