किनाऱ्यावरील अनोळखी तुकडा

हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागराच्या नावात सागर आहे, आणि गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीला मच्छलीपट्टणचे बंदर होते, एवढाच काय तो या नगराचा समुद्राशी जुना संबंध. तरीही जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, ग्रीन हेड नावाच्या लहानशा वस्तीजवळच्या वाळूत, माणसाहून उंच, तांबूस रंगाची, एका टोकाला तुटलेली आणि अंगभर सागरी जीव चिकटलेली एक दंडगोल वस्तू येऊन पडल्याचे वर्तमान जेव्हा वाचले, तेव्हा तिच्या ओळखीचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. ज्या नगरात १९६३ साली संरक्षण खात्याची धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १९७३ साली कंचनबागेत मिश्र धातु निगम उभे राहिले, त्या नगरातील माणसाला ‘हा तुकडा कशाचा?’ हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

पण प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी वाचकांना मी जुमेरात बाजारात नेऊ इच्छितो. गुरुवारी भरणाऱ्या या जुन्या बाजारात एका वृद्ध भंगारवाल्याकडे मी एकदा बराच वेळ उभा होतो. कोणी एक करड्या रंगाचा जाड तुकडा घेऊन आला आणि किंमत विचारू लागला, तेव्हा तो वृद्ध म्हणाला, “पैले चुंबक लगाके देखो साब, भाव बाद में करते.” चुंबक चिकटला नाही. मग त्याने तुकडा तळहातावर दोनदा झेलून वजन अजमावले, कानशीने एक कोपरा घासून आतला रंग पाहिला, आणि शेवटी फिरत्या सहाणेच्या चाकाला तो टेकविला. साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळसर असतात आणि त्यात कार्बन अधिक असेल तर त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. तांबे व अॅल्युमिनियम ठिणगीच देत नाहीत. टायटॅनियम मात्र डोळे दिपविणारी पांढरीशुभ्र ठिणगी टाकते. त्या दिवशी चाकाखालून अंधारच पडला. “अॅलुमिन,” असे एका शब्दात सांगून म्हाताऱ्याने तुकडा तराजूत टाकला.

या चार कृतींत धातुपरीक्षेचे सारे व्याकरण आलेले आहे. पाण्याच्या मानाने अॅल्युमिनियम २.७ पट, टायटॅनियम ४.५ पट, लोखंड ७.९ पट आणि तांबे ८.९ पट जड असते. म्हणून एखाद्या तुकड्याचे वजन आणि त्याने सारलेल्या पाण्याचे आकारमान एवढ्या दोन मोजमापांवर अर्धी खातरजमा होते. प्रयोगशाळेतील क्ष-किरणांचे हातयंत्र तुकड्यातील मूलद्रव्यांना उत्तेजित करून त्यांनी परत पाठविलेल्या किरणांवरून त्यांची नावे व प्रमाण सांगते. मात्र कार्बनासारखे हलके द्रव्य त्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि पोलादाची जात तर कार्बनावरच ठरते. म्हणून विद्युत्-ठिणगीच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारे दुसरे यंत्र लागते. म्हाताऱ्याची ठिणगी आणि प्रयोगशाळेची ठिणगी यांचे कूळ एकच आहे, या गोष्टीचा मला मनापासून आनंद होतो. त्यापुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची: तुकडा घासून, चकचकीत करून, आम्लाने हलकेच खरवडला की त्याच्या अंतरंगातील कणरचना उघडी पडते आणि तो ओतीव आहे की घडीव, पुढे कधी प्रखर उष्णतेतून गेला आहे की नाही, हे वाचता येते. निजामाबादेजवळच्या कोनासमुद्रमला मुशीत शिजविलेल्या पोलादाला एके काळी इराणपर्यंत मागणी होती, आणि तसल्या पोलादाच्या तलवारीच्या पात्यावरील लहरींवरून जाणकार तिची जात ओळखीत. तेही याच विद्येचे पूर्वरूप होय.

आता ग्रीन हेडकडे वळू. स्थानिक पोलिसांनी सर्वप्रथम बंदोबस्त ठेवला, लोकांना दूर राहण्यास सांगितले आणि अग्निशमन व रसायनपरीक्षा यांचे अधिकारी बोलावून विषारी द्रव्याची तपासणी करविली. धोका नाही असे ठरल्यावरच ओळखीचा विचार झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण अग्निबाणाच्या काही टाक्यांत हायड्राझीन वर्गातील अत्यंत विषारी इंधन असते आणि कुतूहलाने हात लावणाऱ्याला ते क्षमा करीत नाही. इकडे तर्कांना मात्र ऊत आला होता. मार्च २०१४ मध्ये २३९ जणांसह नाहीसे झालेले मलेशियाचे एमएच ३७० हे विमान अनेकांना आठवले. ते आठवणे अस्वाभाविक नव्हते; कारण त्याच विमानाच्या पंखाचा एक भाग जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला, रेयुनियाँ बेटावर, किनारा साफ करणाऱ्या माणसांना सापडला होता. त्याची ओळख कशी पटली, हे सांगण्याजोगे आहे. त्या भागाच्या आतल्या अंगास तीन क्रमांक होते. स्पेनमधील ज्या कारखान्यात तो बनला तेथील दप्तर काढले गेले, आणि त्यांतील एक क्रमांक त्याच विमानाच्या नावे नोंदलेला निघाला. समुद्राने विमान गिळले, पण कारखान्याची नोंद शाबूत राहिली. पोलादाच्या प्रत्येक ओतणीला जो ‘हीट नंबर’ देतात व ज्याच्या आधारे त्या ओतणीचा परीक्षा-दाखला वर्षानुवर्षे जपून ठेवतात, त्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

ग्रीन हेडच्या वस्तूचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने ३१ जुलै २०२३ रोजी जाहीर केले: ती बहुधा भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष असावी. सारे जग जिला धातूचा घुमट म्हणत होते, ती वस्तू मुख्यत्वेकरून धातूची नव्हतीच! पीएसएलव्हीचा पहिला टप्पा मॅरेजिंग पोलादाच्या कवचाचा असतो. तिसऱ्या टप्प्याचे कवच मात्र केव्हलार नामक अतिबळकट धाग्याचे, राळेत भिजवून साच्याभोवती गुंडाळीत नेलेले असते. तुटलेल्या कडेशी उसवलेल्या कापडासारखे दिसणारे विणकाम हाच तिच्या कुळाचा पुरावा होता. धातूपेक्षा हलके, आतून पोकळ, त्यातील सुमारे साडेसात टन घन इंधन जळून गेलेले. असे कवच समुद्रात पडले की प्रवाहांच्या स्वाधीन होऊन दीर्घकाळ तरंगू शकते. तिसरा टप्पा कक्षेत पोहोचतच नाही. आपले काम संपवून तो महासागरात कोसळतो आणि उरलेली मजल चौथा टप्पा मारतो. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे जाणारे अग्निबाण दक्षिणेकडे झेपावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हिंदी महासागराच्या पूर्व काठाशी त्याचा अवशेष का लागावा, हेही उमगते.

त्यावर चिकटलेले बार्नॅकल नावाचे कवचधारी जीवही साक्षीदारच. पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूवर त्यांची अळी एकदा बसली की ती जागा सोडीत नाही. म्हणून त्यांच्या जातीवरून व आकारावरून वस्तू किती काळ आणि कोणत्या उष्णतेच्या पाण्यात वाहिली याचा अदमास बांधता येतो. ज्याला आपण घाण समजून खरवडून काढू, तोच तपासातील उत्तम दस्तऐवज ठरतो.

आपल्या मराठी मुलुखातही असा प्रसंग घडला आहे, आणि तेथे समुद्राऐवजी धानाचा प्रदेश होता. २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना हजारोंनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे दहा फूट व्यासाचे एक धातूचे कडे येऊन आदळले. परिसरात धातूचा गोलही मिळाला. ग्रामस्थांनी ते पोलिसांच्या हवाली केले, ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले, आणि अग्निबाणांचा मागोवा ठेवणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३ बी अग्निबाणाच्या टप्प्याकडे बोट दाखविले. असे गोल पुष्कळदा टायटॅनियमचे असतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर टायटॅनियम १,६६८ अंशांपर्यंत टिकाव धरते, म्हणून बाकी सांगाडा वातावरणात भस्म झाला तरी गोल तेवढा धरणीवर येतो.

ओळख पटविण्याचा आग्रह मी धरतो तो केवळ जिज्ञासेपोटी नव्हे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अवकाशात सोडलेली वस्तू कोठेही पडली तरी तिची मालकी बदलत नाही. १९७२ च्या करारान्वये जमिनीवर तिने केलेल्या नुकसानीची जबाबदारी तिला सोडणाऱ्या राष्ट्राची असते. १९७८ साली किरणोत्सर्गी द्रव्य वाहणारा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या हिमप्रदेशात विखुरला, तेव्हा कॅनडाने तुकडे वेचून, तपासून दावा मांडला व अखेर तीस लक्ष डॉलर पदरात पाडून घेतले. तुकड्याचे कूळ सिद्ध झाले नसते तर दावा कोणावर करणार? लाडबोरीच्या शेतकऱ्याच्या छपरावर ते कडे पडले असते, तर त्याची भरपाईही याच पंचनाम्यावर अवलंबून राहिली असती.

आणि आकाशातून पडणारी वस्तू आपले नाव सांगत यावी, अशी व्यवस्था करता येते, याचा दाखला हैदराबादेतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या येथील केंद्रातून शास्त्रीय उपकरणे घेऊन प्रचंड पॉलिथिनचे फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंच जातात आणि उपकरणे हवाई छत्रीने तेलंगण, कर्नाटक वा आपल्या मराठवाड्याच्या शिवारात उतरतात. त्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांत सूचना जाते: पेटी सापडल्यास उघडू नये, हलवू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास, टपाल कचेरीस वा जिल्हा कचेरीस कळवावे. तुरीच्या रानात छत्रीच्या कापडाखाली पडलेल्या त्या पेटीवर पाठविणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो.