सागरतळाचा स्केट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या खोल खाड्यांच्या तळाशी, जेथे सूर्यप्रकाश जेमतेमच उतरतो, तेथील चिखलावर व वाळूवर फ्लॅपर स्केट हा प्रचंड मासा राहतो. त्याची लांबी दोन मीटरांहून अधिक भरते, आणि स्केटांच्या सर्व जातींत हाच सर्वांत मोठा. शार्कप्रमाणे त्याचाही सांगाडा कूर्चेचा असतो. कोकणच्या बाजारात दिसणारे पाकट हे त्याचे दूरचे आप्त. मात्र पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो व त्याची मादी जिवंत पिलांना जन्म देते, तर स्केटच्या शेपटीवरील काट्यांत विष नसते, आणि त्याची मादी अंडी घालते.

तोंड आणि कल्ले दोन्ही पोटाच्या बाजूला असल्याने, तळाला टेकून राहणारा हा प्राणी तोंडाने पाणी घेऊ लागला तर कल्ल्यांत गाळच भरायचा. म्हणून डोळ्यांच्या मागे, पाठीवर, असलेल्या दोन छिद्रांतून तो स्वच्छ पाणी आत ओढतो. डोळे वर आणि तोंड खाली, अशा स्थितीत आपले भक्ष्य त्याला दिसावे तरी कसे? याचे उत्तर मुस्कटाच्या खालील बाजूस असलेल्या, चिकट द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिकांत आहे. इटलीच्या लोरेंझिनीने १६७८ मध्ये एका विद्युत्-मत्स्यात त्यांचे वर्णन केले, परंतु त्यांचे प्रयोजन उलगडण्यास जवळजवळ तीन शतके जावी लागली. १९७१ मध्ये काल्माइन या संशोधकाने वाळूखाली दडवलेल्या जिवंत माशाचा माग स्केटच्याच कुळातील एक काटेरी जात कसा काढते हे दाखवून दिले: मासा दिसत नसता, त्याचा गंध अन्यत्र वळवलेला असता, केवळ त्याच्या देहातून उमटणाऱ्या क्षीण विद्युत्-प्रवाहावर ती जात नेमकी तेथेच झडप घालीत असे, आणि माशाऐवजी वाळूत विजेची अग्रे पुरली, तर त्यांच्यावरही.

अंड्याची रचना मला याहूनही विलक्षण वाटते. वीतभर लांबीची, चिवट कवचाची, चारही कोपऱ्यांना शिंगे फुटलेली ती पिशवी मादी दगडगोट्यांच्या तळावर ठेवते. काही काळाने कवचाच्या कडेच्या फटी उघडतात आणि आतला गर्भ आपल्या शेपटीचे टोक हलवीत समुद्राचे पाणी पिशवीतून खेळते ठेवतो. असा क्रम सुमारे दीड वर्ष चालतो, आणि तेव्हा कोठे पिलू बाहेर पडते.

ते पिलू जन्मतःच एवढे रुंद असते की तळ खरवडीत जाणाऱ्या जाळ्याच्या आसांतून निसटणे त्याला कठीण, आणि प्रजोत्पादनाचे वय यायला दहा वर्षांहून अधिक अवधी लागतो. आयरिश समुद्रातून हा मासा नाहीसा झाल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु बंदरांच्या दप्तरांत स्केट व त्याचे सर्व भाऊबंद दीर्घकाळ एकाच सदराखाली जमा होत राहिल्याने, मोठ्या जातींची घट लहान जातींच्या भरतीखाली झाकली गेली होती. शास्त्रज्ञांच्या नोंदींतही तसेच घडले. ज्याला दीर्घकाळ एकच जात समजत होते, त्यात वस्तुतः दोन जाती आहेत, हे २०१० च्या सुमारास सिद्ध झाले, आणि त्यांतली मोठी, अधिक संकटग्रस्त जात, म्हणजे हाच फ्लॅपर स्केट, तोपर्यंत स्वतंत्र नावाने मोजलीच गेली नव्हती. ज्याची नोंद नाही त्याच्या नाशाचा जाब कोणाला विचारणार, ही गोष्ट मनाला फार लागते.

युरोपीय संघाने २००९ मध्ये हा मासा बंदरात उतरवण्यास मनाई केली. त्याच्या पाठीवरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असल्याने, हौशी गळकरी आता पकडलेल्या स्केटचे छायाचित्र घेऊन त्याला पाण्यात सोडतात. अशा छायाचित्रांवरून व अंगाला लावलेल्या खुणांवरून असे दिसले की काही स्केट त्याच परिसरात पुनःपुन्हा सापडतात, आणि म्हणून मर्यादित हद्दीचे संरक्षणही त्यांना उपयोगी पडते. २०१४ मध्ये लॉख सुनार्टपासून जुराच्या सामुद्रधुनीपर्यंतचा प्रदेश त्यांच्यासाठी राखण्यात आला. पुढे स्काय बेटानजीक लाँगेपाशी अंड्यांचे मोठे ठिकाण आढळताच २०२१ मध्ये तातडीचा हुकूम निघाला, आणि २०२३ मध्ये तो कायम झाला. कारण अंडे फुटायलाच जेथे दीड वर्ष लागते, तेथे एका हंगामापुरती मनाई पुरणार नव्हती.